दिवाळीत गांबिया? आधी लस, मग तिकीट

पत्राचा गोषवारा: नाशिक जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. त्यांचे यजमान दीड वर्षापासून पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात नोकरीला आहेत. दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस तिकडे जायचं त्यांच्या मनात आहे. बरोबर दहा वर्षांची लेक आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाई पूर्ण शाकाहारी, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू, पण हिंडत्याफिरत्या. माहेरचे म्हणतात, ‘म्हातारं माणूस आणि पोर घेऊन आफ्रिकेत जाणं हा वेडेपणा आहे, तिकडे इबोला असतो.’ यजमान म्हणतात, ‘इथे काही होत नाही, बिनधास्त या.’ लेकीला सिंह बघायचेत. त्या विचारतात: जावं का? आणि दहा दिवसांत शेजारचा सेनेगलही उरकेल का?

उत्तर:

तुम्ही तिघींचा प्रश्न एकत्र विचारला आहे, पण तिघींचं उत्तर एक निघत नाही. तुम्ही आणि लेक, दोघींनी जरूर जा. सासूबाईंचं जाणं एका लशीवर अडलेलं आहे, त्यामुळे तिकीट काढण्याआधी तो निकाल लागला पाहिजे. आणि दिवाळीत मात्र तिघींपैकी कोणीच जाऊ नये. असं का, ते सविस्तर सांगते.

आधी माहेरच्या भीतीबद्दल. इबोलाची मोठी साथ २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत आली. गांबियात तेव्हा एकही रुग्ण सापडला नाही. तरीही ‘पश्चिम आफ्रिका’ एवढे दोन शब्द ऐकून पर्यटकांनी पाठ फिरवली आणि तिथल्या हॉटेलांचं, टॅक्सीवाल्यांचं, किनाऱ्यावर फळं विकणाऱ्या बायांचं उत्पन्न बुडालं. एवढ्या मोठ्या खंडाला एकच गाव समजलं की असं होतं. गांबिया आहे केवढा? गांबिया नदीच्या दोन्ही काठांनी लांबत गेलेली एक चिंचोळी पट्टी, समुद्राची बाजू सोडली तर तिन्हीकडून सेनेगलने वेढलेली. क्षेत्रफळ अकरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या नाशिक जिल्ह्याहूनही लहान. लोकसंख्या साधारण चोवीस लाख. कारभाराची भाषा इंग्रजी, घराघरांत मँडिंका, वोलोफ, फुला, जोला अशा भाषा. पर्यटकांची ये-जा अनेक दशकांची आहे, विशेषतः ब्रिटनमधून. गर्दीत पाकीट सांभाळणं, अंधार पडल्यावर किनाऱ्यावर एकटं न फिरणं ही काळजी तिथेही घ्यायची, पण तुमच्या सहलीची खरी जोखीम चोर नाहीत. ती डास आहेत.

आता यजमानांचं ‘इथे काही होत नाही’. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना दीड वर्षात काही झालं नसेल. पण नोकरीनिमित्त राहणारी बरीच माणसं काही महिन्यांनी मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या सोडून देतात आणि आपल्या नशिबाला सुरक्षितता समजू लागतात. त्यांचा अनुभव सासूबाईंना आणि दहा वर्षांच्या मुलीला लागू पडत नाही.

गांबियात पाऊस जूनमध्ये लागतो, ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त पडतो आणि ऑक्टोबरात ओसरतो. मलेरियाचा जोर मात्र पावसाबरोबर ओसरत नाही. साचलेल्या पाण्यात डास वाढतात आणि रुग्णांची संख्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये शिगेला पोचते. आपली दिवाळी नेमकी तिथे येते. शिवाय तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा असतो. आपल्याकडे ‘मलेरिया झाला, आठवडाभर गोळ्या घेतल्या, बरा झाला’ असं सहज बोललं जातं, ते बरेचदा व्हायव्हॅक्स जातीबद्दल असतं. फाल्सिपेरमवर उपचाराला उशीर झाला तर तो दोन-चार दिवसांत मेंदूवर किंवा मूत्रपिंडावर जाऊ शकतो, आणि लहानपणापासून त्याच्याशी गाठ न पडलेल्या शरीराला तो जास्त झपाट्याने पाडतो.

म्हणून दिवाळी सोडा. सर्वांत चांगला काळ डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. हवा कोरडी, दुपारी तीस-बत्तीस अंश, रात्री अंगावर शाल लागेल इतका गारवा, डास कमी. सहाराकडून येणाऱ्या हरमाटन वाऱ्याने काही दिवस हवेत धूळ असते. घरात कोणाला दमा असेल तर पंप जवळ ठेवा. नाताळाच्या आठवड्यात युरोपातले पर्यटक लोटतात आणि तिकिटं महागतात, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर उतरतात. शाळा बुडवणं पटत नसेल तर मे महिन्याचा विचार करा. पाऊस लागलेला नसतो, मलेरिया कमी असतो, आणि किनाऱ्यावर समुद्राच्या वाऱ्यामुळे उकाडा सोसवतो. आत नदीकाठी मात्र मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा मे महिन्यात गेलात तर किनारा सोडू नका. त्या दिवसांत तिथे आंबे पिकलेले असतात, लेकीला एवढं आमिष पुरे. एक बघा: देशात बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात हॉटेलं चालू असतात, पण रस्त्यावरच्या खाण्याच्या टपऱ्या दिवसा बहुतेक बंद असतात. तारीख ठरवताना पंचांगाबरोबर हेही पाहा.

आता सासूबाई. त्यांच्याबद्दल तुम्ही पत्रात मधुमेहाची काळजी लिहिली आहे, पण त्याहून मोठा प्रश्न पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचा आहे, आणि त्याचा उल्लेख पत्रात नाही. गांबिया पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. तिथे १९७८-७९ मध्ये मोठी साथ येऊन गेली. अशा देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या माणसाकडे लशीचं वैध प्रमाणपत्र नसेल, तर आपलं सरकार त्याला विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतं. यात ओळख, विनंती, वय काही चालत नाही. आपल्याकडे हा रोग नाही पण तो पसरवणारा एडिस डास गल्लोगल्ली आहे, म्हणून हा नियम इतका कडक आहे, आणि तो योग्यच आहे.

लस एकदा घेतली की जन्मभर पुरते. २०१६ पासून दर दहा वर्षांनी पुन्हा घेण्याची अट गेली. पण प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं. परवा निघायचं आणि आज लस घेतली, असं चालत नाही. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य कार्यालयांत अशी केंद्रं आहेत. बाकीच्यांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालय देतं. एका कुपीत अनेक जणांचे डोस असतात, म्हणून केंद्रं ठरावीक वारीच लस देतात आणि आधी नाव नोंदवायला लावतात. मूळ पासपोर्ट न्यावा लागतो. प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेवरचं नाव आणि पासपोर्टचा क्रमांक तिथेच, खुर्चीवरून उठण्याआधी, अक्षर न् अक्षर ताडून पाहा. घरी येऊन चूक दिसली तर पुन्हा मुंबईची खेप.

साठीनंतर ही लस आयुष्यात पहिल्यांदा घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा जास्त दिसतात. प्रमाण लाखामागे एक-दोनच्या घरात आहे, म्हणजे फार नाही, पण झाला तर तो जिवावर बेतू शकतो. ही जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. नियंत्रणातला मधुमेह किंवा रक्तदाब ही लस नाकारायची कारणं नाहीत. पण अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार किंवा तिची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार, स्टेरॉइडचे मोठे डोस किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी संधिवाताची औषधं चालू असतील तर बहुतेक ‘नको’ असंच उत्तर येईल. लस देता येत नाही असं वैद्यकीय पत्र मिळू शकतं, पण त्या पत्राच्या भरवशावर परत येताना विलगीकरण टळेल असं धरून चालू नका. आणि त्या तिथे असताना रोगापासून संरक्षण नसेल, हा भाग उरतोच.

तेव्हा क्रम असा ठेवा. सासूबाईंना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, सगळ्या गोळ्यांची यादी आणि अलीकडचे रक्ताचे अहवाल बरोबर ठेवा, आणि नेमकं विचारा: ‘अडुसष्टाव्या वर्षी पीतज्वराची पहिली लस यांना द्यावी का?’ नुसतं ‘प्रवासाला नेऊ का’ असं विचारलंत तर ‘न्या की, फिट आहेत’ असं उत्तर मिळेल आणि मुद्दा राहून जाईल. खोलीत सासूबाई असू द्या. तुमच्या पत्रात माहेरचे काय म्हणतात, यजमान काय म्हणतात ते आहे, पण सासूबाई काय म्हणतात त्याची एकही ओळ नाही. लेकाला भेटायची ओढ त्यांची आहे आणि लशीची जोखीमही त्यांच्याच अंगावर आहे. लाखात एक-दोन म्हणजे काय ते त्यांना सरळ शब्दांत सांगा आणि उत्तर त्यांना देऊ द्या. त्या ‘नको’ म्हणाल्या तर तो भित्रेपणा नव्हे. ‘चालेल’ म्हणाल्या तर तो हट्टही नव्हे.

मलेरियाच्या गोळ्या तिघींनाही लागतील, कोणत्याही महिन्यात गेलात तरी. तिथला फाल्सिपेरम क्लोरोक्विनला दाद देत नाही, त्यामुळे घरात पडलेली जुनी पाकिटं निरुपयोगी आहेत. तीन पर्याय असतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून रोज घ्यायची आणि परतल्यावर सात दिवस चालू ठेवायची. लहान मुलांना वजनाप्रमाणे देता येते. डॉक्सीसायक्लिन स्वस्त आहे, पण परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते, उन्हाने कातडी भाजते, आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा घ्यायची असते, पण दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते आणि ज्यांना नैराश्य, फेफरं किंवा झोपेचा त्रास आहे त्यांना देत नाहीत. तिघींसाठी पहिली सगळ्यांत सोयीची, पण ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल असं धरू नका, महिनाभर आधी मागवा. सासूबाईंच्या चालू गोळ्यांशी तिचा मेळ बसतो का हेही त्याच भेटीत विचारून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे विशेष महत्त्वाचं.

गोळ्या घेतल्या म्हणून डास चावू द्यायचे असं नाही. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. सूर्य मावळला की तिघींच्या अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, उघड्या भागावर तीस टक्के किंवा त्याहून जास्त डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम, रात्री औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली खोचून. सनस्क्रीन आधी, डासांचं मलम नंतर. उलट केलं तर मलमाचा जोर कमी होतो. आणि परतल्यावर तीन महिने कोणालाही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की आम्ही पश्चिम आफ्रिकेतून आलो आहोत. हे सांगायचं राहून गेल्यामुळे ‘व्हायरल आहे’ म्हणत दिवस वाया जातात.

यजमानांवर काही कामं सोपवा. खिडक्यांच्या जाळ्या फाटलेल्या नाहीत ना? वीज गेल्यावर पंखा चालेल अशी काही सोय आहे का? तिकडे वीज जाते, कधी तासन् तास. सासूबाई इन्सुलिन घेत असतील तर फ्रीजचा प्रश्न येईल. जवळचा चोवीस तास उघडा असणारा दवाखाना कोणता, तिथे मलेरियाची तपासणी रात्री होते का? राजधानी बांजुलमध्ये एडवर्ड फ्रान्सिस स्मॉल हे मोठं सरकारी रुग्णालय आहे, किनाऱ्याच्या भागात खासगी दवाखाने आहेत, पण हृदयविकार किंवा मोठ्या अपघातासाठी रुग्णाला सेनेगलची राजधानी डकारला हलवायची वेळ येऊ शकते. म्हणून प्रवासविम्यात ‘रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च’ हे शब्द आहेत का आणि आधीपासूनचा मधुमेह त्यात धरला आहे का, ते वाचून सही करा.

औषधांवरून एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. २०२२ मध्ये गांबियात साठहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यांतली बहुतेक पाच वर्षांखालची. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार कफ सिरपांबद्दल जगाला सावध केलं. त्यांत विषारी रसायनं सापडली होती. त्या घरांमधलं दुःख अजून ताजं आहे. भारतीय म्हणून कोणी तुमच्याजवळ विषय काढला तर सारवासारव करू नका, ऐकून घ्या. लेकीची तापाची, उलटी-जुलाबाची, ॲलर्जीची औषधं आणि जलसंजीवनीची पाकिटं इथूनच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. सासूबाईंच्या गोळ्या मुक्कामापेक्षा पंधरा दिवस जास्तीच्या, मूळ पाकिटांत, आणि हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या. आपल्याकडची ब्रँडची नावं तिथे कोणाला कळत नाहीत.

सासूबाई शाकाहारी, म्हणून जेवणाची धास्ती मात्र तुम्ही घेतली असेल तितकी घेऊ नका. भुईमूग हे तिथलं मुख्य नगदी पीक, आणि डोमोडा हा तिथला आवडता पदार्थ म्हणजे दाण्याचं दाट कालवण, भाताबरोबर खायचं. आपल्या दाण्याच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला तो परका वाटणार नाही. वोंजो नावाचं लालभडक सरबत लाल अंबाडीच्या बोंडांचं असतं, आणि अंबाडीच्या पाल्याचं आंबट कालवण ते भाताबरोबर खातात. गोरखचिंचेच्या गराचंही सरबत मिळतं; आपल्याकडे जुन्या ठिकाणी एखाददुसरी दिसणारी ती भल्यामोठ्या बुंध्याची झाडं तिथे रस्त्याच्या कडेला उभी असतात. सकाळी टपऱ्यांवर अकारा मिळतो, म्हणजे वाटलेल्या चवळीची भजी, लांबट पावात कांदा-टोमॅटोच्या रश्शाबरोबर भरून. सासूबाईंना नाश्त्याला हा उत्तम, फक्त त्याच तेलात मासे तळतात का ते विचारा.

फसगत होते ती पुढे. डोमोडा काय, यासा काय, बेनाचिन काय, मूळ पदार्थ मांस किंवा माशाचेच. ‘मांस नको’ म्हटलं तर तुकडे बाजूला काढून तोच रस्सा वाढतील, आणि त्यांच्या दृष्टीने ते सौजन्यच असतं. ‘मासे नको’ म्हटलं तरी चवीसाठी सुक्या माशाचा तुकडा किंवा मांसाच्या अर्काची वडी भांड्यात पडलेली असते. म्हणून सासूबाईंसाठी बाहेरचा रस्सा नकोच. भात, भाजलेली रताळी, केळी, पपई, पाव, अंडं चालत असेल तर ते, आणि बाकी घरचं. यजमानांकडे गॅस आहेच. छोटा कुकर, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, डाळींची पाकिटं, गोडा मसाला एवढं नेलंत की दहा दिवस आरामात जातील. ताजी भाजी, कांदे, टोमॅटो, भेंडी, वांगी, मिरच्या सेरेकुंडाच्या बाजारात भरपूर. पाणी बाटलीबंद, दात घासायलाही.

दहा दिवसांत सेनेगलही? नको. जायला-यायलाच दोन-दोन दिवस जातात. भारतातून बांजुलला थेट विमान नाही. इस्तंबूल, कासाब्लांका किंवा ब्रसेल्समार्गे जावं लागतं. सगळे टप्पे एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे एक विमान चुकलं तर पुढच्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि सामानही मधे उतरवावं लागत नाही. युरोपातून जाणार असाल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा भारतीयांना लागतो का ते तिकिटाआधी पाहा. प्रवेशाचे नियम एजंटच्या तोंडी शब्दावर सोडू नका. दिल्लीत गांबियाचं उच्चायुक्तालय आहे, तिथून लेखी उत्तर घ्या आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा, कारण तुम्हाला विमानात चढू द्यायचं की नाही हे आधी मुंबईच्या काउंटरवर ठरतं. यजमानांचं निमंत्रणपत्र आणि त्यांच्या तिथल्या वास्तव्य परवान्याची प्रत न्या, आणि लेक एकट्या आईबरोबर प्रवास करते आहे म्हणून वडिलांचं संमतिपत्रही. बांजुलला उतरल्यावर पासपोर्टवरच्या शिक्क्यात किती दिवस लिहिले आहेत ते तिथेच वाचा. २०१९ पासून विमानतळावर येताना वीस आणि जाताना वीस डॉलर सुरक्षा शुल्क माणशी घेतात, रोख. परतीचे डॉलर वेगळ्या पाकिटात बांधून ठेवा, नाहीतर ते हमखास खर्च होतात. गांबियात आपली वकिलात नाही. डकारचा भारतीय दूतावास गांबियाचं काम पाहतो. त्याचा तातडीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

पैसे: चलन दलासी. २०२४-२५ मध्ये एका डॉलरला साधारण सत्तर दलासी मिळत होते, आणि सर्वांत मोठी नोट दोनशेचीच, त्यामुळे थोडे डॉलर बदलले तरी जाड गठ्ठा हातात येतो. रुपये कोणी घेत नाही. कोऱ्या, न दुमडलेल्या डॉलर किंवा युरोच्या नोटा न्या. कार्ड मोठ्या हॉटेलांबाहेर फारसं चालत नाही. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा.

मग दहा दिवसांत काय पाहायचं? सिंह नाहीत, हे लेकीला आजच सांगून टाका. गांबियातून सिंह, हत्ती, जिराफ केव्हाच नाहीसे झाले. पण तिच्या वयाला पुरून उरेल असं पुष्कळ आहे. बकाऊतल्या काचिकली तळ्यावर मगरी माणसांपासून हातभर अंतरावर पडून असतात. ते पवित्र स्थान आहे, अपत्यप्राप्तीसाठी बायका तिथे येतात. मगरीला हात लावायला सांगितलं तरी लेकीला लावू देऊ नका. अबुकोच्या राखीव जंगलात सकाळी सात-आठला जा, दोन तासांची सावलीतली पायवाट आहे, माकडं आणि पक्षी दिसतात. या चिमुकल्या देशात पाचशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे, दुर्बीण घ्या. नदीतलं कुंटा किंते बेट २००३ पासून जागतिक वारसा आहे. इथल्या किल्ल्यातून माणसं गुलाम म्हणून समुद्रापार नेली गेली. जाण्याआधी लेकीला तो इतिहास घरी बसून सांगा, नुसत्या पडक्या भिंती पाहून तिला काही कळणार नाही. बोटीत चढ-उतार आहे आणि डोक्यावर ऊन, त्यामुळे सासूबाई बरोबर असतील तर त्यांनी त्या दिवशी घरी थांबलेलं बरं.

हिवाळ्यात गेलात आणि अंगात दम असेल तर दोन रात्री नदीच्या वरच्या भागात काढा. जांजानबुरे किनाऱ्यापासून सुमारे तीनशे किलोमीटर, गाडीने पाच-सहा तास. जवळच वासूची दगडी वर्तुळं आहेत, जांभ्या दगडाचे उभे खांब, तेही जागतिक वारसा. कुंटाऊरहून बोटीने गेलं की पाणघोडे आणि बेटांवर सोडलेले चिंपांझी दिसतात. बेटावर उतरू देत नाहीत, बोटीतूनच पाहायचं, आणि तेच बरोबर आहे. त्या भागात नदीत पाय बुडवून बसू नका. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमुळे सिस्टोसोमा नावाचे कृमी कातडीतून शरीरात शिरतात. समुद्राचंही तसंच: लाटा दिसायला शांत असल्या तरी खालची ओढ जोरदार असते, लाल बावटा असेल तर गुडघाभरही नको.

बांजुलहून नदीपलीकडच्या बारा या गावाला जाणारी फेरीबोट अर्ध्या-पाऊण तासाची, पण तिची वाट पाहण्यात कधी तीन तास जातात. कंटाळून लोक शेजारच्या लांबट होड्यांत बसतात. त्या वाटेल तितकी माणसं भरतात, जीवरक्षक जाकिटं पुरत नाहीत. तुम्ही थांबा. किंवा दक्षिणेच्या रस्त्याने जाऊन २०१९ मध्ये झालेल्या फाराफेन्नीजवळच्या पुलावरून नदी ओलांडा. गावातल्या गावात पिवळ्या टॅक्सी असतात. एकट्या कुटुंबासाठी हवी असेल तर ‘टाउन ट्रिप’ म्हणा आणि बसण्याआधी भाडं ठरवा. विमानतळ, पोलीस चौक्या, सैनिक, राष्ट्रपतींचं निवासस्थान यांचे फोटो काढू नका.

हॉटेलांच्या किनाऱ्यावर तरुण मुलगे गप्पा मारत मागे येतात, वाटाड्या व्हायला बघतात. घाबरायचं कारण नाही आणि दुर्लक्ष करून तोंड फिरवणंही बरं नाही. तिथे विचारपूस न करता कामाचं बोलणं उद्धटपणाचं समजतात. थांबून सलाम करा, ‘बरं आहे ना’ विचारा, हसून ‘आज नको’ म्हणा आणि चालू लागा. आभाराला मँडिंकात ‘अबराका’. देणं-घेणं उजव्या हाताने, जसं आपल्याकडे. रस्त्यात मुलं गोळ्या-चॉकलेट मागतील. वाटत बसू नका, मुलांना मागायची सवय लागते. द्यायचंच असेल तर वह्या-पेन्सिली शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हाती द्या.

आणि सासूबाईंची लस नाही जमली तर? तुम्ही दोघी गेल्यावर त्या दहा दिवस कोणाकडे राहतील हे आधी ठरवा, आणि त्यांचं जे तिकीट काढणार होतात तेच पैसे यजमानांच्या मुंबईच्या तिकिटाला वापरा. आठवडाभराची रजा मिळाली तरी पुरे, आईला मुलगा भेटेल. फक्त यजमानांना आजच फोन करून त्यांची पिवळी पुस्तिका शोधायला सांगा. दीड वर्षात ती कुठल्या तरी फायलीत गेलेली असते, आणि मुंबईला उतरताना ती हातात नसेल तर ते सहा दिवस विलगीकरणात जातील.